शेपटीचा एक मार्क

इंग्रज माणूस आधी छातीठोकपणे एक विधान करतो आणि लगेच स्वल्पविराम देऊन समोरच्याला विचारतो, 'बरोबर ना?' एवढीच शंका होती तर विधान करायचंच कशाला, हे कोडं मला शाळेपासून पडलंय. बरं, शंका त्याची, पण ती व्याकरणशुद्ध लिहून द्यायचं काम बोर्डाने आपल्या गळ्यात मारलंय. माझी दहावी झाली, बारावी झाली, तरी 'ॲड अ क्वेश्चन टॅग' काही पाठ सोडेना. आता भाचीची दहावी आहे. 'तुझं इंग्रजी बरं आहे ना!' म्हणत ताईने तिला माझ्यासमोर आणून बसवलं. ताईच्या 'ना'ला उत्तर द्यायचं नसतं.

वरवर पाहिलं तर नियम सोपा. वाक्य होकारी, तर शेपूट नकारी. वाक्य नकारी, तर शेपूट होकारी. वाक्यातलं सहायक क्रियापद उचलायचं, कर्त्याच्या जागी सर्वनाम ठेवायचं. 'सीता इज सिंगिंग, इजंट शी?' सहायक क्रियापद नसेल तर डू, डझ, डिड यांच्यातलं एक आणायचं. मराठीत नुसता 'ना' टेकवला की भागतं. बाई असो, बुवा असो, काल असो, उद्या असो, 'ना' कुणाची चौकशी करत बसत नाही. इंग्रजीत त्या दोन शब्दांसाठी आख्ख्या वाक्याची झडती घ्यावी लागते.

वहीतलं पहिलंच वाक्य होतं, 'ही पुट द बुक ऑन द टेबल.' भाचीने 'डझंट ही' लिहिलं. मी म्हटलं, 'अगं, आत्ताचं असतं तर पुट्स झालं असतं. एस नाही, म्हणजे हे कालचं. डिडंट ही.'

'मामा, म्हणजे जे लिहिलेलंच नाही त्यावरून उत्तर काढायचं?'

'हो.'

'हे व्याकरण आहे की पोलीस तपास?'

पुढे तपास आणखी गुंतागुंतीचा झाला. 'ही हार्डली स्टडीज' यात नॉट कुठेच नाही, पण हार्डली हा साध्या वेशातला नकार आहे, म्हणून 'डझ ही?' नेव्हर, सेल्डम, नोबडी ही मंडळी त्याच टोळीतली. 'फ्यू पीपल केम, डिड दे?' पण त्याच फ्यूच्या आधी नुसता 'अ' येऊन बसला, की 'अ फ्यू पीपल केम, डिडंट दे?' एका अक्षराने सगळं पारडं फिरतं. कार्याला फारसं कुणी आलं नाही म्हणायचं की चार माणसं तरी आली म्हणायचं, यावरून आमच्या नातेवाइकांत अजून वाद आहेत. इंग्रजांनी तो एका 'अ'वर मिटवला, हे मात्र मानायला हवं.

'एव्हरीबडी हॅज कम' म्हणताना सगळे मिळून एकवचनी, पण शेपटीत 'हॅवंट दे?', म्हणजे स्वल्पविराम ओलांडेपर्यंत त्यांचं अनेकवचन झालेलं. 'लेट्स गो'ला 'शॅल वुई?' का, याचं कारण देण्याच्या भानगडीत मी पडलो नाही. आणि 'आय ॲम लेट'चं 'आरंट आय?' ऐकून भाचीने पेनच खाली ठेवलं. 'आय आर' लिहिलं तर मार्क कापतात आणि 'आरंट आय' लिहिलं तर देतात? ॲम आणि नॉट यांचं जोडरूप प्रमाण इंग्रजीत टिकलं नाही, म्हणून आरंटला उसनं आणलं. स्कॉटलंड-आयर्लंडमध्ये 'ॲमंट आय' अजून बोलतात, पण आपले परीक्षक तिकडचे नाहीत.

या सगळ्यावर आपल्या लोकांनी फार पूर्वीच तोडगा काढलाय: कशालाही 'इजंट इट' लावा. 'यू आर फ्रॉम सातारा, इजंट इट?' व्याकरणाच्या बाई याला हसायच्या. पण खुद्द लंडनच्या रस्त्यावर पोरं त्याचंच 'इनिट' करून वाट्टेल त्या वाक्याला चिकटवतात. ते केलं की बोलीभाषा, आपण केलं की चूक!

खरी गंमत तर पेपरात येतच नाही. टॅगचा सूर वर गेला तर तो खरा प्रश्न, खाली आला तर नुसता शिक्का. 'ओला टॉवेल परत गादीवर टाकलास ना' हे आई ज्या सुरात म्हणते, तो खाली येणारा सूर. त्यात प्रश्न शोधणाऱ्याचं काही खरं नाही. हा सूर आपल्याला पाळण्यापासून येतो, पण लेखी परीक्षेत त्याचे मार्क नाहीत.

आणि टॅग लावता आला तरी त्याला उत्तर देणं ही आणखी वेगळीच शिक्षा. आमच्या ऑफिसातल्या एकाला इंग्लंडच्या क्लायंटने फोनवर विचारलं, 'यू हॅवंट सेंट द फाईल, हॅव यू?' हा नम्रपणे म्हणाला, 'येस सर.' त्याच्या मनात अस्सल मराठी होकार: हो, तुमचं बरोबर आहे, नाही पाठवली. साहेबांच्या कानावर इंग्रजी होकार: पाठवली. ते बिचारे दिवसभर इनबॉक्स उघडझाप करत बसले. संध्याकाळी त्यांचा पुन्हा फोन, पुन्हा तोच प्रश्न, आणि याचा पुन्हा तोच, आधीपेक्षा जास्त नम्र 'येस सर.'

प्रकरण वरपर्यंत गेलं. त्याला समजावण्यात आलं की प्रश्न कसाही असो, काम झालं असेल तर येस, नसेल तर नो. पण साहेबाला तोंडावर 'नो' म्हणायचं त्याच्या जिवावर येतं आणि 'येस'ची त्याने धास्ती घेतलीय. तेव्हापासून वाक्याला टॅग लागलेला दिसला की तो फक्त 'शुअर सर' म्हणतो. परवा वार्षिक मूल्यमापनाच्या मीटिंगमध्ये मॅनेजरने त्याला आपुलकीने विचारलं, 'यू आर नॉट प्लॅनिंग टू लीव्ह अस, आर यू?'

'शुअर सर.'