पट्टे खुले केले, पण घेणार कोण?

अमेरिकेतल्या वायोमिंग आणि मोंटाना राज्यांतल्या पावडर रिव्हर खोऱ्यात सरकारी जमिनीवर नवे कोळसा पट्टे (खाणकामासाठीचे भाडेपट्टे) देणं थांबवणाऱ्या २०२४ च्या जमीन-वापर योजना अमेरिकी काँग्रेसने रद्द केल्या, आता रोजगार वाढेल, असं एका लेखात वाचलं. मला हे पटत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मोंटानातल्या १६.७ कोटी टन कोळशाला एकच बोली आली, १ लाख ८६ हजार डॉलरची. म्हणजे टनामागे एक सेंटसुद्धा नाही! सरकारलाच ती नाकारावी लागली. २०१२ मध्ये याच खोऱ्यात टनाला डॉलरहून जास्त मिळाले होते. गिऱ्हाईकच नसेल तर खाणकामगाराला काम कुठून मिळणार?

त्याहून मोठी चिंता पद्धतीची आहे. या योजना काँग्रेसने १९९६ च्या काँग्रेशनल रिव्ह्यू ॲक्टने, म्हणजे सरकारी खात्यांचे नियम रद्द करू देणाऱ्या कायद्याने, उडवल्या. त्याने रद्द केलेल्या नियमासारखा नियम, नवा कायदा झाल्याशिवाय, त्या खात्याला पुन्हा करता येत नाही. जमीन-वापराच्या योजनांवर हे हत्यार २०२५ पर्यंत कधी उगारलं नव्हतं. चराई, वन्यजीव, रस्ते, सगळं याच योजनांमध्ये असतं, स्थानिकांच्या सुनावण्या घेऊन वर्षानुवर्षं ठरवलेलं. तेही आता काँग्रेसमधल्या साध्या बहुमताने उडू शकतं. लेखात याबद्दल एक ओळही नाही.