फाटकाआड राहणाऱ्या घरमालकांस नम्र सूचना

फ्लोरिडात घर घेण्याच्या बेतात असलेल्या मराठी कुटुंबांनी शाळेचा दर्जा, कार्यालयाचे अंतर आणि देवघराची दिशा या गोष्टी सवडीने पाहाव्यात. पहिली चौकशी वसाहतीला फाटक आहे का, याची करावी. फाटकाआडच्या घराला अनेक विमा कंपन्या हप्त्यात सवलत देतात, आणि जी मिळवण्यासाठी आधी लाखो डॉलरांचे घर घ्यावे लागते अशी सवलत सोडणे शहाणपणाचे नाही.

मात्र फाटक पारखून घ्यावे. वेशीवरची दगडी भिंत, तिच्यावर कोरलेले एखाद्या तळ्याचे किंवा ताडाचे नाव आणि रात्री निळे होणारे कारंजे यांची विमा कंपनीला काडीचीही किंमत नसते. चोवीस तासांचा रखवालदार असेल तर उत्तम. तो नसेल तर निदान आकडे दाबल्याशिवाय न उघडणारे दार हवे, आणि आत शिरायला दुसरा मोकळा रस्ता नसावा. तसे पत्र घरमालकांच्या संघाकडून, म्हणजे ज्याला सगळे एचओए म्हणतात त्याच्याकडून, लेखी घेऊन एजंटाला द्यावे. दाराचे ते आकडे गवत कापणाऱ्यांना, पिझ्झा पोचवणाऱ्यांना आणि आधीच्या भाडेकरूंच्या मित्रांना तोंडपाठ असतात, ही गोष्ट पत्रात लिहिण्याची प्रथा नाही. गणपतीच्या आरतीचे निमंत्रण व्हॉट्सॲपच्या गटावर टाकताना त्याखाली हे आकडे ठळक अक्षरांत अवश्य द्यावेत. भाविकांना फाटकाबाहेर ताटकळत ठेवणे बरे दिसत नाही.

आता हिशेब. समजा, वर्षाचा हप्ता 6,000 डॉलर आहे आणि सवलत 5 टक्के मिळाली, तर 300 डॉलर वाचले. काही कंपन्या ही टक्केवारी वादळाचा भाग वगळून उरलेल्या हप्त्यावरच लावतात. तसे झाल्यास बचत आणखी आटोपशीर होते. दुसऱ्या बाजूला फाटकाची मोटर, कॅमेरे, रखवालदाराचा पगार आणि कारंज्याचे निळे दिवे यांसाठी संघ समजा महिन्याला 250 डॉलर घेतो, म्हणजे वर्षाचे 3,000. या दोन रकमा एकाच कागदावर कधीही मांडू नयेत. पहिली विम्याच्या फायलीत जपून ठेवावी, दुसरी बँकेतून परस्पर जाऊ द्यावी, आणि भारतातल्या नातेवाइकांशी बोलताना केवळ पहिलीचा उल्लेख करावा.

सवलत चोराच्या नावाने मिळते, तेव्हा फ्लोरिडातला हप्ता चोरांनीच वाढवला असणार, अशी समजूत बाळगणे सोयीचे असते. प्रत्यक्षात तो वाऱ्याने वाढवला. 24 ऑगस्ट 1992 रोजी मायामीच्या दक्षिणेला, होमस्टेडजवळ धडकलेल्या अँड्र्यू चक्रीवादळाने घरांबरोबर अनेक विमा कंपन्याही भुईसपाट केल्या. ज्यांना कोणी पॉलिसी देईना अशा घरमालकांसाठी राज्याला पुढे यावे लागले, आणि 2002 मध्ये सिटिझन्स ही सरकारपुरस्कृत विमा संस्था उभी राहिली. वाऱ्याला तोंड देणाऱ्या बांधकामाला हप्त्यात सूट देणे तिथे कंपन्यांना कायद्याने बंधनकारक आहे. त्यासाठी तपासनीस माळ्यावर सरपटत जातो, छपराची चौकट भिंतीला नुसत्या तिरप्या खिळ्यांनी अडकवली आहे की लोखंडी पट्ट्यांनी बांधली आहे ते पाहतो, छप्पर चारही बाजूंनी उतरते का ते नोंदवतो, फोटो काढतो, आणि त्याचा अहवाल 5 वर्षांपर्यंत चालतो. ही सूट फाटकाच्या सवलतीहून कितीतरी मोठी असू शकते, तरी तिच्या नादी लागू नये. माळ्यावरची पट्टी पाहुण्यांना दाखवता येत नाही, आणि ती आपल्याला सलामही ठोकत नाही.

पॉलिसीत चक्रीवादळाचे डिडक्टिबल, म्हणजे कंपनीने भरपाई देण्याआधी नुकसानीतला जो वाटा आपण सोसायचा तो, वेगळे छापलेले असते. ते वाचून झोप बिघडवू नये. ते बहुधा टक्क्यांत असते, 2, 5 किंवा 10, आणि हे टक्के नुकसानीचे नसून घराच्या विमा रकमेचे असतात. विमा 5 लाखांचा असेल तर 2 टक्क्यांच्या हिशेबाने पहिले 10,000 डॉलर आपल्याच खिशातून जातात. फाटकाचे 300 डॉलर दरसाल बाजूला टाकले, तर एवढी रक्कम 33 वर्षांत जवळजवळ जमते. तोवर वादळाने धीर धरावा, इतकेच.

पुराचे पाणी तर या पॉलिसीत येतच नाही. त्यासाठी 1968 पासून केंद्र सरकारची पूरविमा योजना आहे. तीत घरासाठी 2,50,000 आणि सामानासाठी 1,00,000 डॉलरपर्यंत संरक्षण मिळते, पण ते साधारणतः 30 दिवसांनी लागू होते, आणि वादळे इतक्या आगाऊ सूचनेने येत नाहीत. 28 सप्टेंबर 2022 रोजी इयन वादळाने फोर्ट मायर्स बीचवर समुद्र जमिनीपासून 10 ते 15 फूट चढवला. असे वादळ येणार म्हटले, की वीज गेल्यावर लोक आणि रुग्णवाहिका अडकू नयेत म्हणून अनेक संघ फाटक आधीच सताड उघडून ठेवतात. हे योग्यच आहे. ज्याच्या भीतीने आपण एवढा हप्ता भरतो, तो दारी आल्यावर फाटक लावून घेणे सभ्यपणाचे नव्हे. त्या गडबडीत फाटक मोडलेच, तर संघाच्या विम्यातून न भागलेला दुरुस्तीचा खर्च विशेष वर्गणी म्हणून आपल्याकडे येतो.

रखवालीचा उत्साह महाग पडू शकतो, हेही लक्षात असावे. 26 फेब्रुवारी 2012 रोजी ऑरलँडोजवळच्या सॅनफर्ड गावात, अशाच एका फाटकबंद वसाहतीत, वडिलांसोबत मुक्कामाला आलेला ट्रेव्हॉन मार्टिन हा 17 वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा दुकानातून परतत होता. वसाहतीच्या स्वयंसेवी पहारेकऱ्याला तो संशयास्पद वाटला, आणि त्याच्या गोळीने मुलगा मेला. पहारेकरी खटल्यात निर्दोष सुटला. घरमालकांच्या संघाने मात्र 2013 मध्ये मुलाच्या आईवडिलांशी भरपाईची तडजोड केली. तेव्हा पुण्याहून आलेले बाबा संध्याकाळी कानटोपी घालून फेरी मारायला निघतील त्याआधी शेजारच्या चार घरी त्यांची ओळख करून द्यावी. पाहुण्यांच्या यादीत त्यांचे नाव असते, पण ती यादी फाटकावर असते, शेजाऱ्याच्या खिडकीत नसते.

एवढे सगळे जमवल्यावर, छप्पर पंधरा वर्षांचे झाल्याचे निमित्त करून कंपनी कुरकुरू लागली, छपरात अजून 5 वर्षांचा जीव असल्याचा तपासनिसाचा दाखला मागू लागली, तर तिला फाटकाचा फोटो पाठवून पाहावा. उपयोग होणार नाही. मग नव्या कंपनीचा अर्ज आणावा, आणि छपराच्या वयाचा रकाना भरूनही एजंट फोनवर टिकून राहिला, तर त्याला फाटकाबद्दल जरूर सांगावे.