भिंत आधी, शहरं नंतर
बँडच्या दौऱ्यांवरच्या लेखात म्हटलंय की दौऱ्यातली शहरं तिकीटविक्रीच्या अंदाजावरून ठरतात. हे म्हणणं प्रोग्रेसिव्ह रॉकला, म्हणजे लांबलचक रचना आणि भव्य सादरीकरण असलेल्या रॉक संगीताला, तितकंसं लागू होत नाही. इथे बऱ्याचदा रंगमंच काय मागतो तेच आधी पाहावं लागतं. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश बँडचा ‘द वॉल’ (भिंत) हा कार्यक्रम घ्या. कार्यक्रम चालू असताना प्रेक्षकांसमोर जवळपास ४० फूट उंचीची भिंत रचायची आणि शेवटी ती पाडायची! असलं सामान रोज नव्या गावी नेणार कसं? म्हणून १९८०-८१ मध्ये लॉस एंजेलिस, न्यूयॉर्कजवळचं युनियनडेल, लंडन आणि डॉर्टमुंड एवढ्याच ठिकाणी मिळून ३१ प्रयोग झाले. बँड एका जागी मुक्काम ठोकायचा आणि श्रोते तिथे यायचे. तरीही दौरा तोट्यात गेला. बँडचे कीबोर्डवादक रिक राइट तेवढे भागीदार नसून पगारावर असल्यामुळे त्यांना झळ बसली नाही.

इमर्सन, लेक अँड पामर या तिघांच्या ब्रिटिश बँडने १९७७ मध्ये अख्खा ऑर्केस्ट्रा सोबत घेतला होता. खर्च पेलवेना, तेव्हा ऑर्केस्ट्रा मधेच सोडून तिघांनीच पुढचा दौरा केला. मला त्या तिघांबद्दल आजही आदर वाटतो. आपलं संगीत पूर्ण ताकदीनिशी लोकांपर्यंत पोचावं म्हणून त्यांनी पदरचे पैसे घातले. लेखात या दौऱ्याचा उल्लेख हवा होता.