यामा का ड्यूक?

रविवारी सकाळी रंकाळ्याच्या कट्ट्यावर संत्यानं काकांची १९९० सालची यामा आरएक्स १०० मोटारसायकल आणली आणि पप्याच्या केटीएम ड्यूक २०० ला खेटून लावली. लावता लावता एक रेस दिली. निळसर धूर सुटला तसं चहावाल्यानं सवयीनं दुधाच्या पातेल्यावर झाकण ठेवलं.

"आवाज ऐक नुसता," संत्या म्हणाला.

"आवाजावर पळतीया व्हय गाडी? तुझी अकरा हॉर्सपॉवर, माझी पंचवीस."

"वजन बघ की भावा. तुझी तीसेक किलोनं जड हाय."

पप्यानं तिथंच मोबाइलवर भागाकार केला. किलोमागं हिशेब धरला तरी ड्यूकची ताकद दीडपटीच्या वर. संत्या गप्प बसला, पण बसायला नको होतं. यामा टू-स्ट्रोक, तिला क्रँकच्या म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याच्या प्रत्येक फेऱ्याला स्फोट होतो; ड्यूक फोर-स्ट्रोक, तिला एकाआड एक फेऱ्याला. म्हणून तर ९८ सीसीचं एवढंसं इंजिन अंगात आल्यासारखं सुटतं.

"एवढी भारी हुती, तर बंद का पडली?" बाळ्या.

"पडली न्हाई, पाडली!" संत्या उसळला.

अर्धं खरं. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलसोबत जळतं, वर थोडं ताजं पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून निघून जातं. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले आणि १९९६ ला आरएक्स १०० थांबली.

"तुझी कंपनी ऑस्ट्रियाची न्हवं? गाडी बनली तर चाकणात," संत्या.

"आन् तुझी काय कागलात बनली?"

मी मात्र पप्याच्या बाजूचा. कारण ताकद नव्हे, ब्रेक. कॉलेजात असताना असल्याच यामावरून भर पावसात गंगावेशीतून चाललो होतो. दूधकट्ट्याकडं निघालेली म्हैस मधोमध थांबली. दोन्ही चाकांना ड्रम, तेही भिजलेले. ब्रेक दाबला आणि जोतिबाचं नाव घेतलं. म्हैस हललीसुद्धा नाही. माझा डावा गुडघा थंडीत अजून कुरकुरतो. ड्यूकला पुढं-मागं डिस्क आहे, विषय संपला.

संत्याला हे पटलं नाही. रागानं उठून त्यानं किक मारली. मग दुसरी, सातवी. प्लगला ऑइल आलेलं. पाना काढून तो प्लग रुमालानं पुसत बसला.

पप्यानं बटण दाबलं.

"आवाज ऐक नुसता."