‘पोरांना फूस लावता’ या आरोपाबद्दल

‘एका मुलीचा बाप’ यांस,

घर सोडलेल्या मुलांसाठीच्या हेल्पलाइन आणि निवारा केंद्रांबद्दल मी चांगलं लिहिलं, ते तुम्हाला खटकलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हे लोक पोरांना फूस लावतात, आई-बापाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतात आणि आयती सोय झाली की पोरांना घराची किंमत राहत नाही. वर ‘वेळीच दोन रट्टे दिले असते तर ही पाळीच आली नसती’ हेही आहेच.

रट्ट्यांचं आधी उरकते. मुलं घर सोडतात त्या कारणांमध्ये मार हे नेहमीचंच कारण आहे, त्यामुळे उपाय म्हणून त्याचा विचार करण्यात अर्थ नाही.

आता फूस. अमेरिकेतली अशा मुलांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १९७१ साली शिकागोत सुरू झाली. ती मुलाचा निरोप घरी पोचवते आणि घरचा मुलाला. दोन्हीकडची तयारी असेल तर तिघांचा फोन जोडून देते. परतायचं ठरलं आणि खिशात पैसे नसले, तर ग्रेहाउंड बसचं फुकट तिकीट मिळवून देते. तिकीट घरी जायचं असतं, घरातून निघायचं नाही! तिथे १९७४च्या कायद्यानुसार सरकारी मदत मिळणाऱ्या तात्पुरत्या निवाऱ्यात मूल जास्तीत जास्त २१ दिवस राहू शकतं, आणि आई-बापाशी किंवा नातेवाइकांशी संपर्क साधणं हा केंद्राच्या कामाचाच भाग असतो.

तो तिघांचा फोन कसा चालतो, हे जरा सांगते. समुपदेशक आधी एकट्या मुलाशी बोलतो. आत्ता सुरक्षित आहेस का, सोबत कोण आहे, फोनला चार्जिंग किती आहे. मग विचारतो, आईला पहिलं वाक्य काय सांगणार? मुलगा दोन-तीनदा म्हणून बघतो. पलीकडे बाप फोन घेतो आणि रात्रभराची भीती एकाच वाक्यात बाहेर पडते: ‘आधी घरी ये, मग बघतो तुझ्याकडे.’ त्या ‘मग बघतो’वर बहुतेक फोन कट व्हायचे. इथे मध्ये तिसरा माणूस असतो. तो बापाला म्हणतो, ‘तुम्ही घाबरलायत ना? तेवढंच सांगा त्याला.’ यात आरोपीचा पिंजरा कुठे आला? उलट, बापाला जे म्हणायचं होतं तेच त्याच्या तोंडून निघावं, एवढीच ती खटपट.

‘सोय झाली की पोरं परत येणारच नाहीत’ ही भीतीही आकड्यांत दिसत नाही. अमेरिकेतल्या एका सरकारी पाहणीचा १९९९ सालचा अंदाज असा, की वर्षभरात सुमारे १६ लाख ८३ हजार मुलांनी घर सोडलं किंवा त्यांना घराबाहेर काढलं गेलं. (‘चालता हो’ म्हटल्यावर खरंच चालती झालेली मुलंही यात आली, हे विसरू नका.) त्यातली तीन-चतुर्थांशांहून अधिक आठवड्याच्या आत परतली. म्हणजे मुलं येतात. आल्यावर काय होतं, यावर ती पुन्हा जाणार की नाही हे ठरतं. इंग्लंडमध्ये हरवलेलं मूल परतलं की ७२ तासांच्या आत त्रयस्थ माणसाने त्याच्याशी बोलावं, असा सरकारी दंडक आहे, तो याचसाठी.

तुमचा एक मुद्दा मात्र सोळा आणे खरा. बऱ्याच ठिकाणी मुलाचं ऐकायला माणूस असतो आणि आई-बाप बाहेरच्या बाकावर फॉर्म भरत बसतात. मूल घरातच आहे पण कुणाला जुमानत नाही, अशा घरांना तर कुणीच वाली नसतो. त्यांच्यासाठी इस्रायलचे मानसशास्त्रज्ञ हाइम ओमेर यांची पद्धत मला फार मोलाची वाटते. ती शिकवायची असते आई-बापाला. मुलगा समुपदेशनाला आला नाही तरी अडत नाही. त्यातला एक प्रकार असा: आई-बाप मुलाच्या खोलीत जातात, अमुक वागणं आम्ही चालवून घेणार नाही, यावर तू काय सुचवतोस ते ऐकायला बसलोय, असं सांगतात आणि गप्प बसतात. पाऊण तास, तासभर. तो ओरडेल, टोमणे मारेल, हेडफोन लावेल. उलट बोलायचं नाही, हात उगारायचा नाही, उठायचंही नाही. तुम्ही ज्याला धाक म्हणता, तो टिकवायला रट्ट्यापेक्षा हे कितीतरी अवघड आहे.

शेवटी तुम्ही विचारलंय, ‘उद्या माझीच मुलगी निघून गेली तर मी करू काय?’ चोवीस तास वाट बघू नका, लगेच पोलिसांत कळवा. भारतात असाल तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवरही. तिच्या मैत्रिणींना फोन करा, पण ‘तूच लपवलंयस’ या सुरात नको, नाहीतर तो दरवाजाही बंद होईल. तिच्या फोनवर एकच मेसेज टाका: सुरक्षित आहेस एवढं कळव, रागावणार नाही. आणि ती आली की त्या रात्री खरंच रागावू नका. जेवू द्या, झोपू द्या. का गेलीस, कुणाबरोबर होतीस, हे दुसऱ्या दिवशी, आणि शक्यतो तिला चालेल असं तिसरं कुणीतरी समोर असताना.