केमो सांगितली म्हणजे कॅन्सर पसरला, असं नाही

‘स्तनाच्या कॅन्सरची गाठ काढूनही केमो सांगितली, म्हणजे आजार पसरलाय आणि डॉक्टर लपवताहेत’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. कृपा करून त्याला घाबरून उपचार सोडू नका. गाठ पूर्ण निघाली तरी स्कॅनमध्ये न दिसणाऱ्या कॅन्सरच्या पेशी शरीरात उरलेल्या असू शकतात. आजार उलटू नये म्हणून ही केमो असते. प्रत्येकीला ती लागतेच असंही नाही. बहुतेकदा सलाईनमधून काही तास औषध घेऊन त्याच दिवशी घरी जाता येतं. घरी मात्र ताप ३८ अंश सेल्सिअसवर (१००.४ फॅरनहाइट) गेला, तर रात्र असली तरी लगेच हॉस्पिटल गाठा. केमोमुळे रक्तातल्या, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, तेव्हा साधा वाटणारा संसर्गही जिवावर बेतू शकतो.