गायरान उलटंपालटं करू नका, आधी खालची माती बघा

पाऊस जवळ आला की शिरोळ-हातकणंगले भागातल्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा: गायरानात गवत येत नाही कारण जमिनीत मीठ साठलंय. पलटी नांगरानं दोन फूट जमीन उलटा, एकरी चार ट्रॉली चुना टाका, बांध घालून पाणी कोंडा, मीठ धुऊन जाईल आणि पुढच्या वर्षी कमरेएवढं गवत येईल.

पाठवणाऱ्यांची तळमळ खरी आहे. ज्याला स्वतःचं रान नाही, त्याच्या म्हशी गायरानावरच जगतात. म्हणूनच हे लिहितोय. जिथं खालचा थर चोपण, म्हणजे सोडियम चिकटल्यामुळं पाणी न मुरणारा आहे, तिथं चुना वाया जातो, आणि नांगरट व कोंडलेलं पाणी गायरानाचं नुकसान करतं.

मीठ साठलंय हे काही ठिकाणी खरंच आहे. उसाला सततचं पाणी आणि बुजलेले ओढे यामुळं कृष्णा-पंचगंगेच्या काठची बरीच रानं क्षारपड झाली. तिथं उन्हाळ्यात पांढरा थर दिसतो आणि डबक्यातलं पाणी नितळ असतं. चोपण जमिनीची गोष्ट वेगळी. पाऊस थांबून चार दिवस झाले तरी डबकं गढूळच, वाळल्यावर वर कडक पापडी, आणि गवत कुठं आहे तर कुठं टक्कल. तिथं सोडियम मातीच्या बारीक कणांना चिकटलेला असतो. पाणी लागलं की कण एकमेकांपासून सुटतात, भेगा-छिद्रं बुजतात आणि पाणी खाली उतरतच नाही.

‘आमचा माती रिपोर्ट चांगला आलाय’ असं यावर हमखास ऐकू येतं. नमुना घेतला किती खोलीचा? बहुतेक वेळा वरच्या वीतभराचा. ग्रामपंचायतीला विचारून गायरानात तीन फूट खड्डा घ्या, एक हिरव्या जागी आणि एक टकलावर. भिंत खुरप्यानं खरवडा. वर भुसभुशीत काळी माती आणि तिच्याखाली गच्च, चकाकणारा थर लागला, तर मुळांकडं बघा. चांगल्या मातीत ती सगळीकडं पसरतात. इथं ती थराच्या माथ्यावर आडवी वळतात, नाहीतर भेगेतून चपटी होऊन उतरतात. त्या थरातलं हरभऱ्याएवढं वाळलेलं ढेकूळ बॅटरीत घालायच्या शुद्ध (डिस्टिल्ड) पाण्यात टाका, अ‍ॅसिडात नव्हे, आणि ग्लास हलवू नका. ढेकूळ नुसतं फुटून तळाशी ढीग झाला आणि पाणी नितळ राहिलं, तर काळजी कमी. ढेकळाभोवती दुधट कडं पसरलं आणि दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ राहिलं, तर थर चोपण आहे. मीठही जास्त असेल तर ही चाचणी फसवते, म्हणून वरचा, एक ते दोन फुटांचा आणि दोन ते तीन फुटांचा असे वेगळे नमुने प्रयोगशाळेत द्या. सामू (पीएच), क्षारता आणि विनिमययोग्य सोडियम, म्हणजे कणांना चिकटलेल्या सोडियमची टक्केवारी, तिन्ही मागून घ्या. सामू 8.5 च्या वर आणि हा सोडियम 15 टक्क्यांच्या वर म्हणजे चोपण. आपल्या भारी काळ्या मातीत त्याहून कमी सोडियमलाही त्रास सुरू होतो.

आता नांगरट. गवताला जगवतोय तो वरचा वीतभर चांगला थर. पलटी नांगर तोच खाली गाडतो आणि चोपण माती वर आणतो. पहिल्या वळवात तिची पापडी धरते, बी उगवत नाही, हरळीची घट्ट जाळीही गेलेली असते. असलेलं गवत मोडून नसलेल्या गवताची वाट बघणं मला अजिबात पटत नाही.

चुन्याचा सल्ला गगनबावडा, चंदगडकडच्या तांबड्या आम्ल मातीला ठीक. शिरोळच्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे आधीच असतात. खड्ड्यातल्या मातीवर लिंबू पिळा, बुडबुडे येतील. इतक्या वरच्या सामूला चुना जवळजवळ विरघळतच नाही, मग त्यातलं कॅल्शियम सोडियमची जागा घेणार कसं? जिप्सम लिटरभर पाण्यात अडीच ग्रॅमच्या आसपास विरघळतं, म्हणून ते चालतं. शंभर ग्रॅम मातीतला एक मिलीइक्विव्हॅलंट (प्रयोगशाळेचं मोजमाप) सोडियम हटवायला, सहा इंच थरासाठी, एकरी साधारण सात-आठ क्विंटल शुद्ध जिप्सम लागतं. तुमच्या रानाचा आकडा रिपोर्टवरूनच काढायचा. चुनखडी असलेल्या जमिनीत गंधकही चालतं. जिवाणू त्याचं आम्ल करतात आणि तिथलाच चुना विरघळतो. सल्फिटेशन, म्हणजे गंधकाच्या धुरानं रस साफ करणाऱ्या साखर कारखान्याची कुजलेली मळी (प्रेसमड) वरून पसरली तर फायदाच.

पाणी कोंडणं सगळ्यात धोक्याचं. कॅल्शियम न देता गोडं पाणी भरलं तर मीठ निघून जातं आणि सोडियम मातीला चिकटून राहतो, म्हणजे खारवट-चोपण जमीन पक्की चोपण होते. शिवाय खाली निचराच नसेल तर धुतलेलं मीठ जाणार कुठं? आधी ओढे आणि चर मोकळे करा. शिरोळ तालुक्यात जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून निचऱ्याचं काम झालंय, ते जाऊन बघा.

गायरानात जिप्सम गवतावरच, पावसाच्या तोंडावर पसरायचं. खालच्या थरात ते उतरायला वर्षं लागतात, एका हंगामात कमरेएवढं गवत येत नाही. टकलांवर करनाल गवत किंवा पॅरा गवताची ठोंबं लावा, दोन्ही चोपण आणि पाणथळ सोसतात. आणि एक बिनपैशाचं काम याच पावसाळ्यात करा. गायरानाचे भाग पाडा आणि माती पायाला चिकटते तोवर त्या भागात म्हशी सोडू नका. ओल्या चोपण मातीवर खूर पडला की उरलीसुरली छिद्रंही बुजतात. ग्रामसभेत ठराव करायचाच असेल तर आधी याचा करा, पलटी नांगराचा नको.